देणगी मागताना सांगितलेले असत्य
(वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेले निवेदन)



अहवाल वर्षात एका गृहस्थांनी पत्नीच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी आम्ही दिलेले एकच अंदाजपत्रक तीन धर्मादाय संस्थांकडे सादर केले आणि प्रत्येकीस ‘अन्यत्र अर्ज केलेला नाही’ असे लिहून दिले. तिन्ही धनादेश रुग्णालयाच्या नावे आले, म्हणून बाब उघडकीस आली. ‘त्यांनी राजीखुशीने दिले, मग फसवणूक कशी?’ असा त्यांचा सवाल होता.

भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ मधील ठकवणुकीची व्याख्या १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आली आहे. दिशाभूल करून अप्रामाणिकपणे कोणास मालमत्ता द्यावयास लावणे ही ठकवणूक होय. वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडविणे हीही दिशाभूलच. ती मालमत्ता व्यवहारात मिळाली की दान म्हणून, असा भेद तेथे केलेला नाही. दात्याची राजीखुशी येथे असत्यावरच उभी होती. मात्र खऱ्या गरजेपोटी मदत मागितली आणि पुढे बेत बदलला, एवढ्याने गुन्हा ठरत नाही. मागतेवेळचा हेतू पाहावा लागतो.

आम्ही पोलिसांत तक्रार केली नाही. आजार खरा होता, बिलही खरे होते. तिन्ही संस्थांना वस्तुस्थिती कळवून जादा रक्कम परत केली. ही सौम्यता काही विश्वस्तांना रुचली नाही आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. खोट्या उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलेली खाट कोणा खऱ्या गरजूचीच असते.

हीच कसोटी आम्हांसही लागू आहे, हे सांगताना संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आवाहनपत्रकावर एका बालरुग्णाचे छायाचित्र होते. पत्रके छापून येईपर्यंत त्याचा खर्च भागला होता. ते ठाऊक असूनही आम्ही ती वाटली. पैसा इतर बालकांवरच खर्च झाला, लेखापरीक्षकांनी हिशेबात बोट ठेवले नाही. तरीही दात्यांना सांगितलेले खरे नव्हते. पुढे प्रत्येकास पत्र लिहिले. दोघांनी रक्कम परत मागितली, ती दिली.

यंदापासून अंदाजपत्रकाच्या मूळ प्रतीच्या पाठीमागे मदत मंजूर करणाऱ्या प्रत्येक संस्थेचे नाव व रक्कम नोंदविली जाते. नातलगांनी ही प्रत लेखा विभागातून शिक्क्यानिशी घ्यावी. देणगीदारांनीही ती पाहिल्यावाचून धनादेश देऊ नये.