शंका असेल तेव्हा कॉशन
(गणेशोत्सवात मंडळाच्या सल्ला केंद्राविषयी केलेले भाषण)



मी रेल्वेच्या रुळांवर काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर. भाषणाची सवय नाही. पण कार्यकारिणीचा आग्रह मोडवला नाही, म्हणून उभा आहे.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आपण सभागृहाच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसतो. रेल्वेमुळे बिलासपुरात स्थायिक झालेली आपली कुटुंबे येतात, तसे छत्तीसगढी, तेलुगू शेजारीही येतात. कोणाचे पेन्शन अडलेले, कोणाचा घरमालकाशी वाद, कोणाचे बँकेतले पैसे फसवणुकीत गेलेले.

सुरुवातीला मला वाटे, चार नियम पाठ असले की सल्ला देता येतो. एका रविवारी एक ताई आल्या. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, ते वारल्यावर आईला फॅमिली पेन्शन मिळे. आता आईही गेली होती. ताई स्वतः विधवा, वय सत्तेचाळीस, बरीच वर्षे माहेरीच. मी कागद न पाहताच सांगितले, "ताई, मुलांना पंचवीस वर्षांपर्यंतच मिळते." त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

आठ महिन्यांनी आपल्याच एका निवृत्त सभासदांनी माझी चूक दाखवली. विधवा मुलीला ही वयाची अट नाही. आई-वडिलांपैकी कोणी हयात असताना वैधव्य आलेले असावे, पुनर्विवाह झालेला नसावा आणि स्वतःची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत असावी. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. त्या शेजारणींचे ब्लाऊज शिवत बसल्या होत्या. मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही."

अर्ज आम्ही मिळून भरला, पेन्शन सुरू झाले, मागची रक्कमही मिळाली. पण ते आठ महिने मी त्यांना परत देऊ शकत नाही.

रुळाबद्दल शंका आली की आम्ही आधी कॉशन लावतो, गाडीचा वेग कमी करतो आणि मग गेज घेऊन तपासतो. टेबलावर मात्र मी तपासणी न करताच गाडी सोडली होती. तेव्हापासून आपण तीन गोष्टी पाळतो. आधी पूर्ण ऐकायचे आणि कागद पाहायचे. माहीत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणायचे. आणि काय करायचे ते समोरच्या माणसाला ठरवू द्यायचे.

पुष्कळदा योग्य दार दाखवणे एवढेच आपले काम असते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच 1930 वर कळवावे. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडून माहिती हवी असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपण टेबलावर पाच जण आहोत, पाचही पुरुष. काही भगिनी दारापर्यंत येऊन परत जातात, हे मी पाहिले आहे. या सभागृहातल्या दोन भगिनींनी जरी रविवारचे दोन तास दिले, तरी त्या आत येतील. कायदा पाठ असण्याची गरज नाही. ऐकून घेता आले आणि "मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हणता आले की पुरे.

गणपती बाप्पा मोरया!