दोरा, पृथ्वीगोल आणि न्यूअर्कचं विमान
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी गच्चीवर पतंग उडवणारी बरीच मुलं आज न्यू जर्सीत आहेत. म्हणून लिफ्टमध्ये मला हमखास प्रश्न येतो, "सर, मुंबईहून तिकडं अंतर किती, वेळ किती?" भूगोलाच्या मास्तरानं उत्तर टाळणं बरं नव्हे.

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूअर्क अशी पट्टीनं रेघ मारा. ती अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. या वाटेनं अंतर होतं सुमारे 14,200 किलोमीटर. आता हा 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल बघा. त्याच दोन गावांवर दोरा ताणला की तो आपोआप उत्तरेकडं सरकतो. रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँडच्या बाजूनं थेट ग्रीनलँडच्या टोकाशी! दोरा भरतो साडेएकोणतीस सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, या गोलाचा सुमारे 94 सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला 425 किलोमीटर. करा गुणाकार: साडेबारा हजार. नकाशावरच्या रेघेपेक्षा जवळपास दोन तासांचा प्रवास वाचला.

ताशी 900 किलोमीटर धरले तर चौदा तास होतात. पण धावपट्टीवरची रांग, चढणं, उतरणं यांत वेळ जातो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात, म्हणून जाताना जास्त वेळ, येताना कमी. आणि दोऱ्याला सरहद्द नसते, विमानाला असते. एप्रिल 2025मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, की आला वळसा. येताना ढोबळ पंधरा तास धरा.

हे गणित मी आज का सांगतोय? घरात कोणी गेलं की जिन्यात कुजबुज सुरू होते, "मुलगा पंधरा तासांत पोचेल, थांबू या." हिशोब करा. समजा, मंगळवारी सकाळी दहाला वडील गेले. तेव्हा तिकडं सोमवारची रात्र, साडेअकरा. त्या दिवसाचं विमान गेलेलं. पुढचं थेट विमान मंगळवारी रात्री नऊचं असेल, तर आपल्याकडं बुधवारी सकाळचे साडेसात. त्यात पंधरा तास मिळवा, बुधवारी रात्री साडेदहा. मग इमिग्रेशन, सामान, टॅक्सी. डोंबिवलीच्या दारात गुरुवारचा एक वाजतो.

पंधरा नव्हे, एकोणचाळीस तास.

तेव्हा शीतपेटी मागवायची, की मुलानं फोनवरच "थांबू नका" म्हणायचं, हे दोघांनी आधीच, धडधाकट असताना बोलून ठेवा. मी आणि माझ्या मुलानं बोललोय. तो थोडा चिडला, पण बोललो.

कनेक्टिंग विमान असेल तर आणखी चार-सहा तास. आणि हो, हा हिशोब हिवाळ्याचा, साडेदहा तासांच्या फरकाचा. मार्च ते नोव्हेंबर तिकडचं घड्याळ तासभर पुढं असतं, तेव्हा साडेनऊ धरा.