अंग थकले, तरी झोप का येत नाही?

(विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण बियाणे, खते आणि कीडनियंत्रण यांविषयी ऐकत आहात. आता झोपेवर कसले व्याख्यान, असे म्हणून काही जण हसले, ते मी पाहिले. पण मला एवढेच सांगा : रात्री बाराला लाईट आली, पहाटेपर्यंत गव्हाला पाणी दिले, सकाळी सातला घरी आलात, अंग मोडून आले होते, तरी अंथरुणावर पडल्यावर डोळा लागला नाही, असे किती जणांना झाले आहे? हात वर करण्याची गरज नाही. चेहऱ्यांवरून उत्तर मिळाले.

जितके कष्ट जास्त तितकी झोप गाढ, असा आपला समज आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे, पण पूर्ण खरा नाही. थकवा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या हातापायांना नुसते पडून राहिल्यानेही विसावा मिळतो. मेंदूला मात्र झोपच लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर विहिरीत पाणी भरपूर असून चालत नाही. लाईट असावी लागते आणि पाईपलाईनचा कॉकही उघडा असावा लागतो.

यातले विहिरीचे पाणी म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते जसे साठते तशी झोपेची ओढ वाढते, आणि झोपेत त्याचा निचरा होतो. चहातले कॅफिन या द्रव्याची मेंदूतली जागा अडवून बसते. झोपेची गरज त्याने कमी होत नाही, फक्त जाणवत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे दोनला बांधावर घेतलेला चहा सकाळी सातलाही निम्मा अंगात असतो. तंबाखूचेही तसेच. तीही मेंदूला चेतवते. मिश्री लावणाऱ्या भगिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता लाईट. आपल्या मेंदूत दिवसरात्रीचे एक घड्याळ आहे. हे वनस्पतींतही असते आणि ते प्रथम उमगले वनस्पतीमुळेच. 1729 मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पुढे हे घड्याळ पेशीत कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शेवंतीच्या प्लॉटमध्ये रात्री बल्ब लावून कळी लांबवणारे बागायतदार वनस्पतीच्या घड्याळाचाच उपयोग करतात. आपल्या घड्याळालाही उजेड कळतो. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की ते ‘उठा’ म्हणते, आणि दुपारची थोडी सुस्ती सोडल्यास संध्याकाळपर्यंत आपल्याला जागे ठेवत राहते.

म्हणून सकाळी सातला विहीर तुडुंब भरलेली असते, पण लाईट गेलेली असते. झोप लागत नाही, आणि लागलीच तर तीन-चार तासांत मोडते. याच्या उलट प्रकारही होतो. दिवसभर ऊसतोड केलेला माणूस साडेसातलाच आडवा होतो आणि दहापर्यंत कूस बदलत राहतो. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ आपल्याला सर्वांत जास्त जागे ठेवणारे असतात. त्यात त्याचा दोष नाही, वेळेचा आहे.

राहिला कॉक. मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रानात बिबट्याचा वास आला की दिवसभर औत ओढलेला बैलही बसून रवंथ करत नाही, कान टवकारून उभा राहतो. आपल्या मेंदूतही असा एक राखणदार आहे. धोका दिसला की तो छाती धडधडवतो, अंग तापते ठेवतो आणि झोपेचा कॉक बंद करतो. बिबट्या आणि बँकेचा हप्ता यांतला फरक मात्र त्याला कळत नाही. कांद्याचा पडलेला भाव, मुलीचे लग्न, जळालेली मोटार, सगळे त्याच्या लेखी बिबट्याच. आणि रात्री साप-विंचवाच्या भीतीने बॅटरी घेऊन पाच तास सावध राहिलेला माणूस घरी आला म्हणून राखणदार लगेच खाली बसत नाही. त्यात ‘आता झोप लागलीच पाहिजे’ असा हट्ट धरला, तर तो आणखी जागा होतो.

मग करावे काय? ज्यांच्याकडे सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा वीज आली आहे, त्यांचा अर्धा प्रश्न सुटला. जेथे रात्रीची पाळी आहे, तेथे पाळी सुरू होण्याआधी दुपारी तास-दीड तास झोपून घ्यावे. मध्यरात्रीनंतर चहा टाळावा. घरी येताना टोपी किंवा टॉवेल डोळ्यांवर ओढून घ्यावा, म्हणजे ऊन कमी लागते. आल्याबरोबर मोबाईल आणि हिशेब न काढता कोमट पाण्याने हातपाय धुवावेत. याचे कारण आहे. झोप लागताना शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि ती उष्णता हातापायांवाटे बाहेर जाते. तळपाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, हे 1999 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. आपल्या आजीने तळपायाला तेल चोळले ते उगीच नव्हे. वाटी काशाची असो वा नसो, पाय ऊबदार झाले म्हणजे झाले. मग खोलीत अंधार करून पडावे.

पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून बसावे. मंद उजेडात एखादे बिनडोकी काम करावे, शेंगा फोडाव्यात, आणि डोळे जड झाल्यावरच परत जावे. तासन् तास तळमळत पडले की अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, अशी मेंदूला सवय लागते. उद्याच्या कामांची चिंता असेल तर झोपण्यापूर्वी ती कामे कागदावर लिहून काढावीत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, उद्याची कामे लिहिणाऱ्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. डायरी नको, बियाण्याच्या पिशवीची मागची बाजूही चालते.

दारूने झोप लवकर लागते, हे खरे आहे. पण उत्तररात्री ती मोडते, म्हणून हा उपाय नव्हे.

भगिनींचा प्रश्न निराळा. खुरपणी करून आल्यावर स्वयंपाक, भांडी, गोठा, आणि पहाटे पुन्हा सर्वांआधी उठणे. त्यांना वरचे उपाय सांगून उपयोग नाही. घरातल्या पुरुषांनी पहाटेची धार आणि पाणी आपल्याकडे घेतले, तर त्यांच्या झोपेत एका तासाची भर पडेल.

जागरणाला एक मोठा धोका चिकटलेला आहे. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हातडोळ्यांचे काम रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतके बिघडते, असे 1997 मध्ये दिसून आले. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. रात्रभर पाणी देऊन सकाळी मळणी यंत्रात पेंढ्या घालणारा किंवा कडबाकुट्टीपुढे बसणारा माणूस दारू न पिताही झिंगलेला असतो. पाळीच्या दुसऱ्या दिवशी ही कामे दुसऱ्यावर सोपवा. ते जमत नसेल, तर ट्रॅक्टरवर बसण्याआधी झाडाखाली वीस मिनिटे डोळे मिटा.

मोठ्याने घोरत असाल, घोरताना श्वास अडकतो असे घरच्यांना दिसत असेल आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.

झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, हे दोन आठवडे चालले, तर तो थकवा समजू नका. जगणे नको असा विचार मनात येत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. घरातल्या भिंतीवर, लाईटच्या पाळीचे वेळापत्रक लावता तेथेच, तोही लिहून ठेवा.