लिनक्स स्लो झालंय म्हणजे नक्की काय स्लो झालंय?

(या भागाचं शब्दांकन. बोलणं होतं तसंच ठेवलंय. कमांड उच्चारल्या तशा लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये टाकताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.)

 

आजचा विषय तुम्हीच दिलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. घरातला दहा वर्षांचा लॅपटॉप त्यात काही बसत नाही. मग कॉलेजातलं कोणीतरी म्हणतं, "लिनक्स टाक, पळेल." टाकलं की पळतोही, चार दिवस. आणि मग मला व्हॉइस नोट येते.

त्यातली एक सांगते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. "ताई, मिंट टाकलं. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की माउससुद्धा हलत नाही. वायफाय पण सारखं अडकतं. पप्पा म्हणतायत, हप्त्यावर नवीन घेऊ. घेऊ का?"

आता याला हो किंवा नाही असं उत्तर मी कसं देणार? "स्लो" हा शब्द डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखा आहे. प्रोसेसर दमलाय, रॅम संपलीय, डिस्क अडकलीय की नेटवर्क रखडलंय, या चारही गोष्टी स्क्रीनवर सारख्याच दिसतात. तो गोल फिरत राहतो, बस्स. आणि यातल्या तीन गोष्टींना नवीन लॅपटॉप लागत नाही.

आधी एक काम करू नका: परत फॉरमॅट मारू नका. आपल्याकडे ही फार आवडती सवय आहे. फॉरमॅट मारला की पुरावा जातो, कारण तसंच राहतं, आणि आठवड्याने तुम्ही पुन्हा तिथेच.

तर टर्मिनल उघडा आणि ‘टॉप’ टाइप करा. वर उजवीकडे लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे दिसतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. रेशनच्या दुकानाबाहेरची रांग समजा. तुमचा प्रोसेसर चार कोरचा असेल तर ४ पर्यंत ठीक, काउंटर तेवढे आहेत. या मुलीचा आकडा होता ९. कोणीही म्हणेल, प्रोसेसर गेला, नवीन घ्या.

पण थांबा. लिनक्समध्ये या रांगेत फक्त प्रोसेसरची वाट बघणारे नसतात, डिस्कची वाट बघत अडकलेलेही मोजले जातात. बाकीच्या युनिक्समध्ये सहसा असं नसतं. लिनक्समध्ये हा बदल १९९३ साली झाला. ब्रेंडन ग्रेग नावाचे परफॉर्मन्समधले तज्ज्ञ आहेत, त्यांनी २०१७ मध्ये जुन्या मेलिंग लिस्टचा संग्रह उकरून तो मूळ पॅच शोधला आणि त्यावर लिहिलं. म्हणजे लोड ९ दिसला तरी प्रोसेसर निवांत बसलेला असू शकतो.

ते कळतं ‘टॉप’च्या तिसऱ्या ओळीत. तिथे ‘आयडी’ म्हणजे रिकामा वेळ, आणि त्याच्या शेजारी ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. तिच्याकडे ‘डब्ल्यूए’ होतं ७० च्या आसपास. प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसला होता.

(प्रोसेसरच शंभरावर असेल तर गोष्ट सोपी असते. ‘टॉप’मध्ये शिफ्ट-पी दाबा, खादाड प्रोग्रॅम वर येतो. नवीन इन्स्टॉलनंतर बऱ्याचदा फाइल इंडेक्स करणारा प्रोग्रॅम असतो, केडीईमध्ये ‘बालू’, ग्नोमच्या जुन्या आवृत्त्यांत ‘ट्रॅकर’. त्याला एक रात्र द्या. आणि पंखा विमानासारखा ओरडत असेल तर ‘सेन्सर्स’ने तापमान बघा. आत धूळ असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तिथे कमांड नाही, ब्रश लागतो.)

मग डिस्क एवढी का राबत होती? पुढची कमांड: ‘फ्री -एच’. इथे ९० टक्के लोक चुकीचा रकाना बघतात. ‘फ्री’ नावाखाली १५० एमबी दिसलं की घाबरतात. अहो, लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवतच नाही, वाचलेल्या फाइल तिथे धरून ठेवतं आणि कोणाला जागा लागली की लगेच सोडतं. बघायचा रकाना शेवटचा, ‘अव्हेलेबल’. नेटवर ‘ड्रॉप कॅशेस’ची कमांड देणारे व्हिडिओ आहेत, "रॅम साफ करा" म्हणून. ती कमांड चालवल्याने मशीन आणखी स्लो होतं, कारण धरून ठेवलेलं सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं.

तिचं ‘अव्हेलेबल’ मात्र खरंच तळाला होतं. ४ जीबीतले २०० एमबीसुद्धा नाहीत. मग तिला ‘व्हीएमस्टॅट १’ चालवायला सांगितलं. दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने बघा. स्वॅपमधून आत, स्वॅपमध्ये बाहेर. दोन्हीकडे सतत हजारांत आकडे पळत होते.

इथे चित्र पूर्ण झालं. रॅम भरली, म्हणून सिस्टिम रॅममधला माल डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकतेय. पुढच्या क्षणी तोच माल परत हवाय, म्हणून आणतेय. आणि डिस्क कोणती? ५४०० आरपीएमची जुनी फिरती हार्ड डिस्क. मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. शिवाय हेडला योग्य जागी सरकायला वेळ लागतो तो वेगळा. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं तर सेकंदाला शंभर वेळाही जमत नाही. साध्या साटा एसएसडीला हेच काम सेकंदाला हजारो वेळा जमतं. माउस हलत नव्हता तो यामुळे.

उपाय खर्चाच्या क्रमाने सांगते. फुकटचा उपाय झेडरॅम. यात रॅममध्येच एक भाग दाबून, कॉम्प्रेस करून स्वॅप म्हणून वापरतात, डिस्कवर जावंच लागत नाही. फेडोराने ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, हे आपोआप चालू ठेवलंय. डेबियनच्या घराण्यात ‘झेडरॅम-टूल्स’ नावाचं पॅकेज टाकावं लागतं. सोबत फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’ उघडा किंवा क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबा, कोणता टॅब किती रॅम खातोय ते दिसतं. दुसरा उपाय, रॅमची रिकामी जागा असेल तर एक कांडी. तिसरा, एसएसडी. जुन्या लॅपटॉपमध्ये जीव आणायचा तर माझं मत स्पष्ट आहे, एकच खर्च करायचा असेल तर एसएसडीवर करा.

पण एसएसडी आणायला जाण्याआधी मी तिला आणखी एक कमांड दिली, आणि ती दिली हे बरं झालं. ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’. पॅकेजचं नाव ‘स्मार्टमॉनटूल्स’. मोठी यादी येते. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ या दोन ओळींचे शेवटचे आकडे बघायचे. दोन्ही शून्य हवेत. तिच्याकडे पेंडिंग होते २४. म्हणजे डिस्कवरच्या २४ जागा नीट वाचल्या जात नाहीयेत. अशी जागा वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेवढा वेळ सगळं थिजतं.

म्हणजे हा लॅपटॉप नुसता स्लो नव्हता, डिस्क जायच्या वाटेवर होती. आणि त्यावर तिचा प्रोजेक्ट, घरचे फोटो, वडिलांच्या दुकानाची बिलं. मी म्हटलं, आज स्लोचा विचार सोड. आत्ता पेनड्राइव्ह लाव आणि कॉपी कर. या अवस्थेत डिस्कवर फॉरमॅटसारखं जड काम दिलं असतं तर कदाचित तेवढ्यातच ती गेली असती. तुमच्याकडेही हा आकडा शून्य नसेल तर हा भाग पॉज करा, बॅकअप घ्या, मग या.

आलात? चला, आता वायफाय.

इथे जिना चढायचाय, एकेक पायरी. पहिल्यांदा ‘आयपी रूट’. ‘डिफॉल्ट व्हाया’च्या पुढे जो पत्ता दिसतो, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा, तो तुमचा राउटर. ती ओळच नसेल तर तुम्ही नेटवर्कला जोडलेलेच नाही. असेल तर त्या पत्त्याला पिंग करा: ‘पिंग -सी २०’ आणि तो पत्ता. ‘-सी’ दिलं नाही तर लिनक्सचं पिंग थांबत नाही, कंट्रोल-सी दाबावं लागतं.

राउटर घरातच आहे, उत्तर काही मिलिसेकंदात यायला हवं. कधी ३, कधी ४००, मध्येच गायब, असं असेल तर इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही, अडचण तुमच्या घरातल्या हवेत आहे. राउटरपर्यंत सगळं छान, तर पुढची पायरी ‘पिंग -सी २० ८.८.८.८’. इथे अडलं तर मग फोन करा. हेही छान, पण नावाने साइट उघडत नाही? मग डीएनएस. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ बघा, कोणता सर्व्हर वापरला जातोय ते कळेल. फक्त लक्षात ठेवा, कॉलेज-हॉस्टेलच्या नेटवर्कवर कधीकधी पिंगच बंद केलेलं असतं, तिथे उत्तर नाही आलं म्हणजे नेट नाही असं नाही.

तिचं अडकत होतं पहिल्याच पायरीवर, राउटरपाशी. शेजारी फोनवर मात्र झकास चालत होतं. फोनवर ठीक आणि लिनक्सवर आचके, तर पहिला संशय वायफायच्या पॉवर सेव्हिंगवर घ्या. बॅटरी वाचवायला वायफाय कार्ड मध्येमध्ये डुलकी काढतं, काही कार्डांचे ड्रायव्हर त्या डुलकीतून नीट उठत नाहीत. उबंटू आणि तिच्या घराण्यात, एटीसी फोल्डरच्या आत नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ.डी’मध्ये ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल असते. त्यात ३ लिहिलेलं असतं, म्हणजे चालू. २ करा, म्हणजे बंद. नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट करा. तिचं पिंग ४०० वरून ५ वर आलं.

त्याने नाही झालं तर आजूबाजूला बघा. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लॅपटॉपला चिकटून ठेवलीय का? तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आवाज मिसळतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. डिस्क लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

आणखी एक तक्रार बऱ्याच जणांची. स्पीड टेस्टला आकडा मस्त, पण घरात कोणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की गेममध्ये लॅग, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. हे करून बघा: ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग ३० वरून ८०० वर गेलं तर याला बफरब्लोट म्हणतात, हे नाव जिम गेटिस यांनी रूढ केलं. राउटर पाकिटं टाकून देण्याऐवजी लांबच लांब रांगेत उभी करत राहतो, तुमचं छोटंसं पाकीटही त्याच रांगेत मागे. लिनक्स कर्नलमध्ये २०१२ पासून ‘एफक्यू कोडेल’ नावाचा इलाज आहे, पण रांग राउटरमध्ये लागत असेल तर तो राउटरवर हवा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ मिळतंय का बघा. नसेल तर अपलोडचा वेग हाताने थोडा कमी ठेवा.

मोबाइल हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी ‘नेटहॉग्ज’ टाका. कोणता प्रोग्रॅम डेटा गिळतोय ते नावासकट दिसतं. बऱ्याचदा मागे अपडेट चालू असतं आणि आपण टॉवरला शिव्या देतो.

आणि जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी शेवटचं. पिंग लागतं, डीएनएस ठीक, पण ब्राउझर प्रत्येक साइटला "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो? कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख २०१५ ची दिसतेय का? मदरबोर्डवरचा सेल संपलाय. साइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, तुमचा लॅपटॉप दहा वर्षं मागे राहिला की त्याला सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. ‘टाइमडेटसीटीएल’ने बघा, तारीख दुरुस्त करा. सेल बहुतेक सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर असते, तेव्हा आधी उघडून बघा.

तर प्रश्न पाठवताना नुसतं "स्लो आहे" पाठवू नका. मशीन अडकलेलं असतानाच ‘टॉप’चा फोटो, ‘फ्री -एच’, दहा सेकंदांचं ‘व्हीएमस्टॅट १’, आणि नेटचा प्रश्न असेल तर राउटरचं आणि ८.८.८.८ चं पिंग. फोनवरून काढलेला फोटो चालेल, फक्त आकडे वाचता येऊ द्या. भेटू पुढच्या भागात.