विकत घेतलेल्या डेटाचा धनी कोण?



भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी घडविणाऱ्या गाळ्यांचा मोठा पसारा आहे. त्या गाळ्यांत राबणारा कामगार बहुधा दूरच्या जिल्ह्यातून किंवा परप्रांतातून आलेला असतो. चौघे-पाचजण मिळून एक खोली घेतात. भाडे, वीज, गॅस यांचा खर्च आपसांत वाटला जातो. अलीकडे या वाटणीत इंटरनेटची भर पडली आहे. ज्याच्यापाशी बरा फोन आणि मोठे रिचार्ज असेल, तो रात्री आपला हॉटस्पॉट चालू करतो. बाकीचे त्यावर आपापले फोन जोडतात आणि गावाकडच्या बायकामुलांचे तोंड पाहून घेतात. रिचार्जची वेळ आली की प्रत्येकजण आपला वाटा त्याच्या हातावर ठेवतो. खोलीतल्या माणसांना या व्यवहारात काही वावगे दिसत नाही. दूरध्वनी कंपनीच्या अटी वाचणाऱ्याला मात्र त्यात एक नव्हे, दोन अपराध सापडू शकतात: एक, ‘वैयक्तिक’ वापरासाठी दिलेली सेवा इतरांना दिली, दुसरा, तिची पुनर्विक्री केली.

भारतात रोजच्या ठरावीक कोट्याच्या योजनांमध्ये हॉटस्पॉटला सहसा आडकाठी नसते. वाद उभा राहतो तो ‘अमर्याद’ डेटाच्या योजनांमध्ये. जाहिरातीत तो शब्द ठळक असतो. अटींच्या बारीक अक्षरांत, सेवा केवळ वैयक्तिक आणि बिगरव्यापारी वापरासाठी आहे, असे कलम असते. काही योजनांत महिन्याला ३०० जीबी असा आकडाही दिलेला असतो. ग्राहकाने अमर्याद या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजायचे आणि कंपनीने वेळ येईल तेव्हा कलमाकडे बोट दाखवायचे, अशी ही रचना आहे.

कंपन्यांची बाजू काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. कारण ती सर्वस्वी खोटी नाही. रेडिओलहरींची क्षमता मर्यादित असते. एका मनोऱ्याच्या टापूतील सर्व फोन तीच क्षमता वाटून घेतात. संध्याकाळी सातनंतर विरारकडे जाणाऱ्या लोकल मीरा रोड आणि भाईंदर स्थानकांवर रिकाम्या होऊ लागल्या की तासाभरात हजारो फोन एकाच वेळी चित्रफिती मागू लागतात आणि सर्वांचाच वेग मंदावतो. अशा वेळी एका क्रमांकामागे पाच उपकरणे बसली, तर शेजाऱ्याच्या वाट्याला कमी येणार. यावर कंपन्या लोकलच्या मासिक पासाचा दाखला देऊ शकतात: पासधारकाने महिनाभर कितीही प्रवास करावा, पण पास दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, १९८९ चा रेल्वे कायदाही ते मान्य करीत नाही.

दाखला चतुर आहे, परंतु तो टिकत नाही. मनोऱ्यावरील भार ठरतो तो किती डेटा कोणत्या वेळी वाहिला यावरून. तो डेटा फोनच्या पडद्यावर उमटला की शेजारच्या जुन्या लॅपटॉपवर, याच्याशी मनोऱ्याला कर्तव्य नसते. एका माणसाने एकट्याने रात्रभर चित्रपट पाहिले तर ते अटींत बसते, आणि पाचजणांनी मिळून त्याच्या निम्मा डेटा वापरला तर तो गैरवापर ठरतो. हे गर्दीचे नियमन नव्हे. शिवाय ज्या योजनेला ३०० जीबीची हद्द आहे ती पासासारखी राहिलीच कोठे? ती मोजून दिलेल्या धान्यासारखी झाली. मापात घातलेले धान्य घरी नेल्यावर ते कोणत्या पानात वाढावे, हे वाण्याने सांगायचे नसते.

कंपनीला हॉटस्पॉटचा सुगावा कसा लागतो, याचेही कुतूहल असेल. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर तो एकाने घटतो. फोनमधून थेट निघालेले पॅकेट बहुधा ६४ हा आकडा घेऊन निघते. त्याच फोनला जोडलेल्या दुसऱ्या फोनचे पॅकेट एक थांबा जास्त घेऊन येते, म्हणून त्यावर ६३ असतो. एवढ्या एका आकड्याने घरात आणखी कोणी बसले आहे हे कळते. याखेरीज काही फोन हॉटस्पॉटची वाहतूक मुळातच वेगळ्या मार्गाने पाठवतात. ही यंत्रणा गर्दी मोजण्यासाठी वापरली तर हरकत घेण्याचे कारण नाही. ती घरातली माणसे मोजण्यासाठी वापरली जाऊ शकते, हा खरा मुद्दा आहे.

येथे जुन्या काळाची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्या काळात कित्येकांच्या कार्डावर क्रमांकाशेजारी ‘पी. पी.’ अशी अक्षरे छापलेली असत. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. अख्ख्या चाळीचे जन्ममृत्यू त्या एका यंत्रावरून कळत. खाते कॉल मोजी आणि बिल पाठवी. बोलणारा कोण, हे त्याने कधी विचारले नाही. ते खाते ग्राहकसेवेसाठी प्रसिद्ध होते असे कोणी म्हणणार नाही, तरी एवढी सभ्यता त्याच्यापाशी होती.

‘वैयक्तिक, बिगरव्यापारी’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस असतो. त्याचे घर वेगळे, कचेरी वेगळी, घरातील प्रत्येकाच्या हाती आपापला फोन. मीरा-भाईंदर हे अशा माणसांचे शहर नाही. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाखांवर गेली होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून जो तो येथे आला. त्याच्या एका खोलीतच घर, शाळा आणि दुकान असते. बाई घरी शिवणकाम करते, तयार कपड्यांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तिथेच मागणी घेते. हा वापर वैयक्तिक की व्यापारी? मुलगा सामान पोहोचविण्याच्या कामावर आहे. त्याचा फोन हेच त्याचे हत्यार आणि त्याचे रिचार्ज त्याच्याच खिशातून होते. संध्याकाळी त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर धाकटी बहीण अभ्यास करते. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले, तेव्हा अशा घरांत शिक्षण चालू राहिले असेल तर ते या हॉटस्पॉटमुळेच. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हाही कित्येक जणींना शेजारणीचा हॉटस्पॉट मागावा लागला. शासन एकेक सेवा इंटरनेटवर नेऊन ठेवते आणि तेथवर जाण्याची वाट मात्र खासगी कंपनीच्या कलमातून जाते.

५जी ने यात आणखी एक पदर वाढविला आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. जिओची २८ दिवसांची रोज दीड जीबीची योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. त्याच वेळी अमर्याद ५जी ची सवलत रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या योजनांपुरती राखली गेली. परिणाम असा की तेच मोठे रिचार्ज दोघांनी केले, तर नवा ५जी फोन असलेल्याला अमर्याद मिळते आणि जुना ४जी फोन असलेल्याला मोजून. जो महाग फोन घेऊ शकतो त्याचा डेटा स्वस्त, ज्याला तो परवडत नाही त्याचा महाग. या विषमतेवर खोलीतल्या माणसांनी आपला आपण उपाय काढला: एकाच्या ५जी फोनचा हॉटस्पॉट. तोच उपाय अटीत अडकतो.

परदेशांत या प्रश्नावर निवाडे झाले आहेत. अमेरिकेत व्हेरायझन कंपनीने हॉटस्पॉटची अ‍ॅप रोखल्याच्या तक्रारीवरून तेथील दूरसंचार आयोगाने चौकशी केली आणि २०१२ मध्ये कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. ज्या लहरी घेताना तिने ग्राहकाच्या उपकरणांना मोकळीक देण्याची अट स्वीकारली होती, त्यांच्याच बाबतीत ही तक्रार होती. एटी अँड टी या कंपनीने ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या योजनांचा वेग गुपचूप कमी केल्याबद्दल तेथील व्यापार आयोगाने २०१४ मध्ये खटला भरला. २०१९ मध्ये तो ६ कोटी डॉलरवर मिटला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ सप्टेंबर २०२१ रोजी जर्मनीतील प्रकरणांत निकाल दिला. तेथे व्होडाफोनच्या एका योजनेत काही अ‍ॅपचा डेटा मोजला जात नसे, पण हॉटस्पॉटवरून वापरला की मोजला जाई. अशी योजना खुल्या इंटरनेटच्या नियमांशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. ही भांडवलशाही राष्ट्रे आहेत. तेथेही विकून झालेल्या मालावर विक्रेत्याचा हात किती काळ राहावा याला मर्यादा घातली गेली.

भारतात ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, डेटा कोणत्या मजकुरासाठी वापरला यावरून दरात भेद करण्यास मनाई केली. त्याआधीच्या वर्षी १० लाखांहून अधिक नागरिकांनी ट्रायला ईमेल लिहिले होते. तो लोकरेटा नसता तर निकाल कदाचित निराळा लागला असता. काय पाहिले यावरून भेद नको, हे तत्त्व मान्य झाले. कोणाबरोबर पाहिले यावरून भेद नको, हे तत्त्व अजून स्पष्ट शब्दांत मान्य व्हायचे आहे.

गंमत अशी की पुनर्विक्रीचा बाऊ करणाऱ्या याच देशात केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. चहाच्या टपरीवाल्यानेही परवान्याशिवाय, शुल्काशिवाय आपल्या गिऱ्हाइकांना वाय-फाय विकावे, अशी ती कल्पना. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही जाता आले नाही. कारण टपरीवाल्याला जोडणी देताना कंपन्या त्याला ‘व्यापारी’ ठरवून घरगुती दराच्या कितीतरी पट रक्कम मागत. अखेर जून २०२५ मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला की अशा लहान विक्रेत्यांकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक घेऊ नये. म्हणजे बिगरव्यापारी हे कलम खोलीतल्या कामगाराच्या आड येते आणि व्यापारी हा शिक्का टपरीवाल्याच्या.

आता रोजच्या कोट्याविषयी. रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांचे ४२ जीबी. देशातील दर डेटाग्राहकामागील वापर २०२४ मध्ये महिन्याला सुमारे २० जीबी होता. सरासरी ही सरासरीच, परंतु यावरून एवढे दिसते की पुष्कळ ग्राहकांचा विकत घेतलेला डेटा रोज मध्यरात्री बुडत असला पाहिजे. दुसऱ्या बाजूला ज्याचा कोटा दुपारीच संपतो, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. हा वेग त्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याइतका. या वेगात रेशनकार्डाचे पानही उघडत नाही. तरी जाहिरातीत डेटा ‘चालूच राहतो’.

मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा वरच्या वर्गाच्या सुखसोयींवर त्यांनी शक्ती खर्च केली नाही. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम त्यांनी बसवला. खालच्या पायरीवरच्या माणसाला किमान काय मिळाले पाहिजे, तेथून त्यांनी सुरुवात केली. कोटा संपल्यावर मिळणारा वेग ही आजच्या इंटरनेटची लाकडी फळी आहे. संदेश, शासकीय संकेतस्थळे आणि शाळेचे पाठ उघडतील एवढा वेग कोटा संपल्यावरही मिळावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. हॉटस्पॉट कोणत्याही विकलेल्या डेटावर मोकळा असावा, आणि हद्द घालायचीच असेल तर ती जीबीच्या आकड्यात, जाहिरातीच्या पहिल्या ओळीत, ‘अमर्याद’ हा शब्द काढून टाकून छापावी.

ट्रायने नियम केला की काम भागले, असे मात्र नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे रिचार्ज देणे बंधनकारक केले. ज्यांना डेटा नको त्यांच्यावर तो लादू नये, हा हेतू चांगला होता. कंपन्यांनी नियम पाळला तो असा: जिओने ८४ दिवसांना ४४८ रुपये, एअरटेलने ८४ दिवसांना ४६९ रुपये. महिन्याला पगार घेणाऱ्या मोलकरणीने तीन महिन्यांचे पैसे एकरकमी भरावेत! नियमाच्या अक्षराला धक्का न लावता त्याचा हेतू कसा बाजूला ठेवता येतो, याचा हा नमुना कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

तक्रारींच्या बाबतीत ट्राय वैयक्तिक प्रकरणे हाती घेत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो, समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे लागते. यानंतर सारे संपले असे पूर्वी मानले जाई, कारण २००९ च्या एका निकालाने दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक न्यायालयांबाहेर ठेवल्या होत्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात हा अडसर दूर केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याही आहे. मीरा-भाईंदरच्या रहिवाशाने यासाठी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. जाहिरातीचे छायाचित्र, रिचार्जची पावती, वेग घटल्याची तारीख आणि कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक, एवढी कागदपत्रे गाळ्यागाळ्यांतून आणि इमारतींतून गोळा करून देण्याचे काम शाखेच्या कार्यकर्त्यांना या आठवड्यापासूनच हाती घेता येईल.