संशोधनाची वाट आणि आपली मुलं-मुली
(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमातील भाषण)



आम्ही याच वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली आणि आज विज्ञानात संशोधन करणारी मुलं-मुली आहोत. सणावाराला गावात आलो की बसस्टँडपासून घरापर्यंत एकच प्रश्न भेटतो, "काय रे बाबू, लागली का नौकरी?" प्रश्न मायेचा आहे. पण त्याचं उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून आज विहारात सगळ्यांसमोर देतो.

आधी हिशोब सांगतो. एम.एस्सी. झाल्यावर नेटची परीक्षा असते. तिच्यात वरच्या क्रमांकात आलेल्यांना जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३ च्या जानेवारीपासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि प्रगती समाधानकारक असली तर पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. म्हणजे तेविसाव्या वर्षी सुरुवात केली, तर पदवी हाती येईपर्यंत तिशी दिसू लागते. त्यानंतरही कायमची जागा लगेच मिळत नाही. कित्येकांना आणखी दोन-चार वर्षं दुसऱ्या प्रयोगशाळेत मुदतीच्या नेमणुकीवर काढावी लागतात. त्यात अधिछात्रवृत्ती वेळेवर येईलच असं नाही. आमच्यापैकी काहींनी महिनोन्‌महिने उसनवारीवर मेस चालवली आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी तर २०२३ साली आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं.

मग एवढं करून आम्हाला व्हायचं तरी काय आहे? कुणाला कॉलेजात प्राध्यापक व्हायचं आहे, कुणाला सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, कुणाला औषध किंवा बियाण्यांच्या कंपनीत काम करायचं आहे. पण या सगळ्यांच्या खाली आणखी एक इच्छा आहे. ज्या रानात आपल्या आई-बापांनी निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, त्या रानाचे प्रश्न आम्हाला सोडवायचे आहेत. २००२ साली बीटी कपाशी आली, तेव्हा बोंडअळी संपली असं वाटलं होतं. त्या बियाण्यातलं विष गुलाबी बोंडअळीने हळूहळू पचवलं आणि २०१७ साली विदर्भात हाती आलेली बोंडं किडली. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा गेला आहे. तिथे विहिरीचं पाणी पिता येत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते. यावर काम करणारा माणूस आपल्या घरातला का नसावा?

वऱ्हाडच्या मातीत शास्त्रज्ञ होत नाहीत, हे तर खोटंच आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात १९४६ साली जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम' महासंगणक तयार केला. त्या संस्थेचा पाया १९८८ साली घातला गेला होता.

आणि वेळ लागण्याचं म्हणाल, तर बाबासाहेबांकडेच पाहा. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. लंडनचा अभ्यास चालू असताना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ साली. न्यूयॉर्कला पाय ठेवल्यापासून चौदा वर्षं! त्या वर्षांत घर रमाईंनी ओढलं. बाबासाहेबांच्या पदव्या आपण फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहितो. त्या पदव्यांना लागलेली वर्षंही मुलांना सांगितली पाहिजेत.

आमचं पालकांना मागणं एवढंच. पोराला नोकरीचं विचारा, पण त्यासोबत "तुझं काम कुठवर आलं?" हेही विचारा. पोरगी संशोधन करत असेल, तर "आता वय झालं" म्हणून तिचं काम मधेच तोडू नका. नियमाने तिला पीएच.डी.साठी दोन वर्षं जास्तीची आणि २४० दिवसांची प्रसूती रजा मिळते. कायदा थांबायला तयार आहे, मग घराने का थांबू नये? कमला सोहोनींना मुलगी म्हणून बंगलोरच्या विज्ञान संस्थेने आधी दार बंद केलं होतं. त्यांनी हट्टाने १९३३ साली तिथे प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. केली.

लहान भावा-बहिणींनाही सांगतो. नुसतं "सायंटिस्ट होणार" म्हणून भागत नाही. कोणत्या विषयात, कोणत्या परीक्षेतून, किती वर्षांत, हे वहीत लिहून काढा आणि ती वही घरात दाखवा. नाहीच जमलं तर दुसरी वाट कोणती, तेही त्याच पानावर लिहा. गुरुजी होणं, कंपनीत जाणं, कृषी खात्यात लागणं ही काही हार नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा. फॉर्म, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी धावपळ शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

दर सुट्टीत आम्ही गावात असतो. ज्यांना नेटचा अभ्यास, फॉर्म, विषयाची निवड याबद्दल विचारायचं असेल, त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर विहारात थांबावं. आम्ही जे धडपडून शिकलो, ते तुम्हाला बसल्या जागी मिळालं पाहिजे.