आधी काटा, मग ट्रेलर

शाळांची जून-जुलैची सुट्टी तोंडावर आली की इथल्या आपल्या मराठी घरांत दोन प्रश्न निघतात. यंदा मेलबर्नची थंडी टाळून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, किंबर्लीला जायचं का? आणि जायचं तर कच्च्या रस्त्यावर चालणारा कॅम्पर ट्रेलर विकत घ्यायचा का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते: जा. मुलं लहान आहेत तोवर जा. दुसऱ्यासाठी मला ही दहा मिनिटं दिली आहेत आणि ती बहुतेक सगळी मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे. ती गोष्ट म्हणजे वजन.

ट्रेलरचे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत. जमिनीवर तंबू पसरणारा सॉफ्ट फ्लोअर, पुढे उलगडणारा फॉरवर्ड फोल्ड, पत्र्याच्या भिंतींचा हायब्रिड. प्रदर्शनात जाऊन तुम्ही ते आतून-बाहेरून बघूनही आला असाल. विक्रेता गादी दाबून दाखवतो, सर्रकन बाहेर येणारं स्टीलचं स्वयंपाकघर दाखवतो, ऑनिंगखालचे दिवे लावतो, आणि आपण मनातल्या मनात तिथे पोहे परतायला लागतो. पण पुढच्या बाजूला, ड्रॉबारवर बसवलेल्या पाटीकडे तो आपल्याला नेत नाही आणि आपणही वाकून ती वाचत नाही. त्या पाटीवर एटीएम लिहिलेलं असतं, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन. टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. पाटीवर नसेल तर ते लेखी मागून घ्या. पहिल्यातून दुसरं वजा करा. जे उरतं तेवढंच सामान तुम्ही नेऊ शकता. कप्पे किती आहेत, खण किती खोल आहेत, याला काही अर्थ नाही. वीस कप्पे असले तरी परवानगी किलोंची आहे, कप्प्यांची नाही.

एक हिशेब मांडते. कागद-पेन्सिल घ्या. समजा टेअर १४५० किलो आणि एटीएम २००० किलो. उरले ५५०. ऐकायला पुष्कळ वाटतात. आता पाणी भरा. दोन टाक्या मिळून १६० लिटर, म्हणजे १६० किलो. नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर. लोखंडाचं वजन धरून ३५ किलो. डिझेलचे वीस लिटरचे दोन कॅन, ४० किलो. अजून एक चादरही आत गेली नाही आणि २३५ किलो संपले. फ्रिज, त्याची सरकती पाटी आणि आतलं सामान ६०. ऑनिंग आणि तिच्या भिंती ४०. दुसरं स्पेअर चाक ३५. जास्तीच्या बॅटऱ्या २५. झाले ३९५. उरले १५५ किलो. त्यात चार माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, टेबल, हत्यारं, चिखलात रुतलेली गाडी काढायचं साहित्य, आणि आपलं मराठी स्वयंपाकघर. कुकर, पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा, तांदळाची पिशवी, वर लोणच्याची काचेची बरणी. बसतंय का बघा. बहुतेकांचं बसत नाही, आणि बसत नाही हे कळायच्या आधी पैसे भरून झालेले असतात.

शिवाय पाटीवरचं टेअर ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी ट्रेलरवर ऑनिंग नसेल, दुसरी बॅटरी नसेल, वरचा सोलर पॅनेलही नसेल. या गोष्टी नंतर चढल्या, काही तर विक्रेत्यानेच ‘फुकट’ म्हणून चढवल्या. त्या फुकट नाहीत हो. त्यांचं वजन तुमच्या ५५० मधून गेलं. म्हणून माझा आग्रह असा की ट्रेलर ताब्यात घ्यायच्या आधी तो रिकामा काट्यावर उभा करा आणि पावती बघा. सार्वजनिक वजनकाटे कचरा डेपोंवर, खडीच्या खाणींजवळ, धान्याच्या कोठारांपाशी असतात. घरी येऊन वजन करून देणारेही आता बरेच आहेत. एवढी महाग वस्तू आपण घेतो आणि तिचं वजन करायला खळखळ करतो, हे मला पटत नाही.

ज्यांचं बालपण सांगली-कोल्हापूरकडे गेलंय त्यांना उसाची बैलगाडी आठवत असेल. कारखान्याच्या दारात ती काट्यावर चढायची, भरलेली. आणि ऊस उतरवला की पुन्हा रिकामी. दोन वजनं घेतल्याशिवाय कुणाचं समाधान व्हायचं नाही. पण त्याहून महत्त्वाचं काम व्हायचं ते शेतात, मोळ्या रचताना. भार पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर दाबायचं, आणि बैल चार पावलांत थकायचे. भार मागे गेला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं, बैलांचे गळे आवळले जायचे, आणि चढावर तर गाडी मागे बसायची. म्हणून गाडीवान मोळ्या कण्यावर रचायचा, मग स्वतः पुढे बसून बघायचा, एखादी मोळी पुढे, एखादी मागे सरकवायचा. बैलांच्या मानेवर बेताचा भार राहिला पाहिजे, नाहीसा होता कामा नये, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

तुमच्या गाडीचा टोबॉल, म्हणजे ज्यावर ट्रेलर अडकतो तो मागचा गोळा, हीच ती मान आहे. त्यावर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार यावा. दोन हजार किलोचा ट्रेलर असेल तर दोनशेच्या आसपास. फार जास्त झाला की गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. फार कमी झाला की ट्रेलर उलाळ झाला म्हणून समजा. ताशी नव्वदच्या वेगात शेजारून मोठा ट्रक गेला की तो शेपटीसारखा हलायला लागतो, आणि मग त्याच्यामागे तुमची गाडीही. तसं झालं तर गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ते बटण कुठे आहे हे निघायच्या आधी गाडी चालवणाऱ्या दोघांनाही माहीत हवं.

आणि म्हणूनच दुसरं स्पेअर चाक, डिझेलचे कॅन, सायकली हे सगळं ट्रेलरच्या मागच्या दांडीवर लटकवायची जी फॅशन आली आहे, ती मला बघवत नाही. जड वस्तू कण्याजवळ, खाली. हलक्या वस्तू टोकांना. टाक्या कण्याच्या पुढे आहेत की मागे, हेही विकत घेताना विचारा, कारण पाणी संपत गेलं की टोबॉलवरचा भार बदलतो. गाडीवान उतरवलेल्या प्रत्येक मोळीगणिक पुन्हा बघायचा. आपणही बघावं.

आता मानेवरचा हा भार जातो कुठे? तो तुमच्या गाडीच्या वजनात धरला जातो. हे मुद्दाम दोनदा सांगते, कारण इथेच लोक फसतात. टोबॉलवरचे दोनशे किलो गाडीच्या स्वतःच्या मर्यादेतून, म्हणजे जीव्हीएममधून जातात. यूटच्या जाहिरातीत ‘साडेतीन हजार किलो ओढते’ असं लिहिलेलं असतं ते खरं आहे, पण त्याच कागदावर जीसीएम नावाचा आणखी एक आकडा असतो, गाडी आणि ट्रेलर मिळून. समजा तो ६००० आहे आणि तुमची गाडी माणसं-सामानासह ३२०० भरली. मग ट्रेलरला राहिले २८००, साडेतीन हजार नव्हेत. पुढे बुलबार लावलाय, मागे ड्रॉवर बसवलेत, छतावर रॅक आहे, आणि भारतातून आई-बाबा आलेत म्हणून मागच्या सीटवर तेही आहेत. आई-बाबांना जरूर न्या, बुलबार नसला तरी चालेल. पण बेरीज करा. मर्यादेबाहेरच्या वजनाने अपघात झाला तर पोलिसांचा दंड एकवेळ परवडेल. विमा कंपनीने दावा नाकारला तर घर हलेल.

ब्रेकचा कायदाही वजनावरच आहे. चाकांवर येणारं वजन साडेसातशे किलोंपर्यंत असेल तर ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागत नाहीत. त्याच्यावर, दोन हजारांपर्यंत, किमान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. दोन हजारांच्या वर सगळ्या चाकांना, आणि शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. भरलेला कॅम्पर ट्रेलर पहिल्या गटात क्वचितच बसतो.

आता मूळ प्रश्न, घ्यायचा का. वर्षातून एक ईस्टर, एक लाँग वीकेंड, तोही डांबरी रस्त्याने कॅरव्हान पार्कपर्यंत, असा तुमचा बेत असेल तर नका घेऊ. चांगला तंबू घ्या, उरलेल्या पैशांतून मुलांना ग्रॅम्पिअन्स दाखवा, फ्लिंडर्स रेंजेस दाखवा. ट्रेलर घराच्या बाजूला उभा राहतो, त्याचं रजिस्ट्रेशन भरावं लागतं, बेअरिंगना वंगण लागतं, ओला गुंडाळलेला कॅनव्हास बुरशी धरतो. मात्र दरवर्षी तीन-चार आठवडे खरोखर आत जायचं असेल, तर त्याच्यासारखं सुख नाही, हेही तितक्याच मनापासून सांगते. ट्रेलर एका जागी उभा करून गाडी मोकळी घेऊन दिवसभर हिंडता येतं, हे छतावरच्या तंबूने साधत नाही. आणि विकत घ्यायच्या आधी तशाच प्रकारचा भाड्याने घेऊन एक लाँग वीकेंड काढा. पावसात उघडून बघा, अंधारात बंद करून बघा. फॉरवर्ड फोल्डचा बिछाना उंच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा तिथून उतरून बघू द्या, मग ठरवा.

किंबर्लीतल्या गिब रिव्हर रोडचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. डर्बीपासून कुनुनुराच्या बाजूला निघणारा साडेसहाशेहून अधिक किलोमीटरचा हा रस्ता मुळात गुरं नेण्यासाठी केलेला. त्यावरचे आडवे खवले, ज्यांना इथे कॉरुगेशन म्हणतात, ते चाकांच्या उसळण्यानेच पडत जातात आणि तासन्‌तास ट्रेलरला हादरवतात. वेल्डिंगला चीर पडते ती इथे, शॉक ॲब्झॉर्बर तापून तेल गाळतात तेही इथेच. टायरमधली हवा कमी करा, वेग कमी करा, हे तुम्ही ऐकलेलं आहे. मी पुन्हा माझ्याच विषयावर येते: तोच ट्रेलर दोनशे किलो हलका असेल तर हे सगळं कमी होतं. आणि पर्नुलुलूला, बंगल बंगलच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या घुमटांकडे जाताना ५३ किलोमीटरचा जो रस्ता लागतो, तिथे फक्त एका आसाचे, कच्च्या रस्त्यासाठी बांधलेले ट्रेलरच नेऊ देतात. म्हणजे दोन आसांचा मोठा हायब्रिड घेऊन तुम्ही एवढ्या लांब गेलात, तर तो बाहेर ठेवूनच आत जायचं.

मला खूण होते आहे, दोनच मिनिटं राहिली. ट्रेलरच्या साजसामानाबद्दल भरभर सांगते. बॅटरी: शंभर ॲम्पिअर-तासांची जुन्या पद्धतीची एजीएम साधारण तीस किलो, तेवढीच लिथियम बारा-तेरा किलो, आणि लिथियममधली वीज कितीतरी जास्त वापरता येते. महाग आहे, पण वजनाच्या हिशेबात पैसे वसूल. जोडणी: साधा पन्नास मिलिमीटरचा गोळा डांबरी रस्त्यावर ठीक, खड्ड्यात गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला की सगळ्या दिशांना वळणारी जोडणीच हवी. चाकं: शक्य असेल तर ट्रेलरची आणि गाडीची चाकं एकाच मापाची, एकाच बोल्ट-रचनेची घ्या. एकमेकांना चालतात, आणि मग दुसरं स्पेअर न्यायची गरजच उरत नाही, म्हणजे पस्तीस किलो वाचले. सस्पेन्शनबद्दल, पाट्यांच्या स्प्रिंग बऱ्या की स्वतंत्र, याबद्दल बोलायचं होतं, पण ते आज होत नाही. नवा कॅनव्हास घरीच दोनदा भिजवून वाळवा, म्हणजे शिवण फुगून भोकं बंद होतात. पाण्याच्या टाक्यांना खालून दगड लागू नयेत म्हणून…

वेळ संपली. एवढं मात्र कराच. या शनिवारी ट्रेलर बघायला जाणार असाल तर आधी पाटीचा फोटो काढा, वजाबाकी तिथेच उभ्या उभ्या करा, आणि रिकाम्या ट्रेलरची काट्यावरची पावती हातात पडेपर्यंत सही करू नका. विक्रेता पावती द्यायला तयार नसेल तर दुसऱ्याकडे जा. आणि ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी सुट्टीला निघायच्या आठवडाभर आधी, पाणी-गॅस-सामान भरून, घरची सगळी माणसं गाडीत बसवून, एकदा काट्यावर जाऊन यावं.